कारवारच्या पुढे जेवायचं कधी?

दुपारचे साडेतीन. कुंदापुरातलं किंवा मंगळुरातलं कुठलंही नावाजलेलं लंच होम डोळ्यांपुढे आणा. टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली, मागच्या बाजूला पातेली घासल्याचा आवाज. गल्ल्यावरचा माणूस हिशेबातून मान वर न करता सांगतो, "ऊट मुगीतु." जेवण संपलं. मुंबई-पुण्याहून आलेला प्रवासी मग हायवेवरच्या रात्रंदिवस उघड्या हॉटेलात जातो, पनीर आणि फ्राइड राइस खातो आणि घरी येऊन सांगतो की तिकडचं जेवण काही खास नाही.

याची मला मनापासून हळहळ वाटते. चांगल्या ठिकाणांची यादी त्याने इंटरनेटवरून करून नेलेली असते. कुठे खायचं हे त्याला ठाऊक असतं, कधी खायचं हे त्याने कुणालाच विचारलेलं नसतं.

कारवारपासून खाली आलप्पुळापर्यंतच्या किनाऱ्यावर स्वयंपाकघर मालाच्या वेळेनं चालतं. डोशाचं पीठ रात्रभर आंबतं, पहाटे ऐन भरात असतं आणि दुपारी आंबट व्हायला लागतं. मासळीचा लिलाव सकाळी धक्क्यावर होतो आणि दुपारी साडेबाराला ती तव्यावर असते. माडी सकाळी उतरते तेव्हा गोड असते आणि संध्याकाळी चढते. ज्याची त्याची वेळ गाठली की साध्या बाकावरही राजासारखं जेवण होतं. चुकली, तर नावाजलेल्या हॉटेलातही उरलंसुरलं ताटात येतं.

आपली फसगत होते ती मुंबईच्या सवयीमुळे. आपल्याकडचं 'उडुपी' सकाळी सातला उघडतं ते रात्री अकरापर्यंत चालतं, आणि इडलीपासून पावभाजीपर्यंत सगळं कधीही मिळतं. मूळची रीत तशी नव्हती. माटुंग्याचं १९४२ सालचं रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग अजून ठरलेल्या वेळेत पान वाढतं. ती पद्धत सरळ उडुपीहून आलेली आहे. उडुपीत गेल्यावर तोच हिशेब डोक्यात ठेवावा.

मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी मुंबईहून निघते आणि पहाटेच्या सुमाराला उडुपीत पोचते. स्टेशन इंद्राळीला आहे, कृष्णमठापासून तीनेक किलोमीटरवर. आंघोळ उरकून सात-साडेसातला रथबीदीत, म्हणजे मठाभोवतीच्या रथाच्या रस्त्यावर आलात, की दिवसातली सगळ्यात चांगली वेळ हाती लागते. मित्र समाजसारख्या जुन्या हॉटेलांत तेव्हा तवा तापून स्थिरावलेला असतो. पहिल्या घाण्याचे डोसे जरा कच्चे किंवा जरा करपलेले निघतात, साडेनवानंतर गर्दीमुळे घाई होते. मधले दोनेक तास सोन्याचे. सांबार गूळ घातलेलं, गोडसर असतं. ते बिघडलेलं नाही, तसंच करतात. दोघांत एक कॉफी हवी असेल तर 'बाय टू' म्हणावं, दोन पेले न मागता येतात.

पण सकाळी डोशाच्या आधी बन्स मागा, असं मी सांगेन. हे बन्स बेकरीतले नव्हेत. केळं घातलेल्या मैद्याच्या या जाड, फुगलेल्या पुऱ्या असतात. रात्री साली काळ्या पडायला लागलेली दोन केळी कुस्करायची, त्यात दोन मोठे चमचे साखर, तीन चमचे आंबट दही, पाव चमचा सोडा, अर्धा चमचा जिरं आणि मीठ घालायचं आणि त्यात मावेल तेवढाच मैदा, साधारण दोन वाट्या, मळायचा. पाण्याचा थेंबही नाही. पीठ हाताला चिकटतं म्हणून लोक मैदा वाढवत नेतात, तिथेच बन्स चामट होतात. हाताला तेल लावावं, मैदा वाढवू नये. सहा-आठ तास झाकून ठेवलं की केळ्या-दह्यामुळे पीठ सैल आणि हलकं होतं. सकाळी पुरीच्या तिप्पट जाड लाटून मध्यम आचेवर तळायचे. तेल कडकडीत असेल तर साखरेमुळे वरून लगेच तांबूस होतात आणि आत कच्चे राहतात. सोडा जास्त पडला तर तेल पितात. चांगला बन मोडला की आत जाळी दिसते आणि बोटांना तेल लागत नाही. सोबत खोबऱ्याची तिखट चटणी येते. गोड-तिखटाची ती जोडी मुद्दाम आहे. बन्स रात्री मळलेल्या पिठाचे असतात, म्हणून मोजकेच होतात आणि दहाच्या आत संपतात.

सकाळीच मिळणाऱ्या आणखी दोन गोष्टी: सजिगे-बजिल, म्हणजे उपम्यावर मसाला लावलेले पोहे, आणि पावसाळ्यात पत्रोडे. पत्रोडे म्हणजे आपल्या अळूवडीची सख्खी बहीण, फक्त बेसनाऐवजी वाटलेल्या तांदळाची. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली इडली दिसली तर सोडू नये. पानाचा वास तिच्यात उतरलेला असतो.

कृष्णमठात दुपारी प्रसादाचं जेवण विनामूल्य असतं, जमिनीवर पंगत बसते. आठ मठांकडे पाळीपाळीने दोन-दोन वर्षं पूजेचा मान जातो, आणि त्या काळात अन्नदानाची जबाबदारीही त्या मठाची. कांदा-लसूण नाही. हंगामात सांबारात मट्टू गुळ्ळ पडलेलं असेल, तर ती जवळच्या मट्टू गावची गोल हिरवी वांगी. २०११ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. शिजल्यावर गाळ होत नाहीत, फोड शाबूत राहते.

आता मासे. दुपारी साडेबारा ते दोन, याच्या बाहेर लंच होमला जाऊ नये. त्यातही एकच्या आधी. मंगळूरच्या बंदर भागातलं नारायणाज असो की तिथल्याच रथबीदीजवळचं गिरिमंजाज, गर्दी तेव्हाच असते आणि गर्दीचाच फायदा असतो: मासळी तव्यावर फिरती राहते. "ऊट इदेया?" एवढं कन्नड पुरतं. तुळूत "वणस उंडा?", आणि सीमा ओलांडल्यावर मल्याळममध्ये "ऊण उंडो?". तिन्हींचा अर्थ जेवण आहे का.

बसल्यावर पहिला प्रश्न येतो, कुच्चलक्की की बेळतिगे? कुच्चलक्की म्हणजे उकडा तांबूस भात, बेळतिगे पांढरा. उकडाच घ्या. आंबट-तिखट रस त्या जाड शितांवर धरतो, पांढऱ्या भाताचा त्याने लगदा होतो. मग वाढपी एक परात घेऊन येतो. त्यात मसाला माखलेली कच्ची मासळी ओळीने मांडलेली असते, आणि तुम्ही बोट दाखवायचं. इथे दोन गोष्टी सांभाळा. मेनूवर भावाच्या जागी 'साइझप्रमाणे' असं असतं, तेव्हा बोट दाखवण्याआधी त्या तुकड्याचा भाव विचारा; यात कुणी राग मानत नाही. दुसरं, मसाल्याखाली मासा कसा आहे ते दिसत नाही, म्हणून शक्यतो अख्खा मासा निवडा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, पोट फाटलेलं नको.

नावांचा घोळ होतो तो इथेच. बांगड्याला बंगुडे म्हणतात, तारलीला बूताई, सुरमईला अंजल, पापलेटला मांजी, तिसऱ्यांना मरवाई, कोळंबीला तुळूत येट्टी आणि कन्नडमध्ये सिगडी. काणे म्हणजे आपली मुडदुशी. बाहेरचे लोक अंजलच्या मागे धावतात कारण तो महाग असतो. माझं मत विचाराल तर या किनाऱ्याचा खरा मासा काणे आणि बूताई. काणे रवा लावून अख्खी तळतात, मधला एक काटा उचलला की काम झालं. बूताईची आणि बंगुड्याची पुळीमुंची करतात, चिंच आणि मिरचीचा जाड रस्सा, नावातच दोन्ही आहेत. रवा फ्राय की मसाला फ्राय, असं विचारलं तर नाजूक माशाला रवा आणि तेलकट माशाला मसाला असा साधा नियम धरा.

कोरी रोट्टी पहिल्यांदा खाणारे हमखास चुकतात. रोट्टी म्हणजे तांदळाची कागदासारखी पातळ, कडक चादर. पापडासारखी ती नुसती कुरतडत बसायची नाही. ताटात मोडून टाका, वर कोंबडीचा खोबऱ्याचा पातळ रस्सा घाला आणि साधारण अर्धं मिनिट थांबा. खालचा थर भिजून मऊ होतो, वरचा कुरकुरीत राहतो. दोन मिनिटं गप्पा मारलीत तर सगळाच लगदा. म्हणून एका वेळी एकच चादर मोडायची आणि रस्सा पुन्हा मागायचा. रोट्टीची कोरडी पाकिटं मंगळूरच्या दुकानांत मिळतात आणि घरी नेऊन बरेच दिवस टिकतात. कोंबडीच्या घी रोस्टचं श्रेय कुंदापूरच्या शेट्टी लंच होमला दिलं जातं. त्याचा लालभडक रंग बेडगी मिरचीचा असतो, तिखटाचा नव्हे; रंगाला घाबरून नको म्हणू नका.

एक तारीख मात्र तिकीट काढण्याआधी पाहावी. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आपल्याकडे असते तशीच. केरळात ट्रॉलरबंदी ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत मंगळुरात समोर आलेला मोठा अंजल बहुधा बर्फातला किंवा पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेला असतो. या दिवसांत तिसऱ्या, खाडीची मासळी किंवा सरळ शाकाहार बरा. बंदी उठल्यावर पावसाळा सरता सरता तारली चरबीने भरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिला तोड नाही.

आणि समजा उशीर झालाच, साडेतीन वाजलेच, तर हायवेकडे वळू नका. तीन ते पाच ही आइस्क्रीमची वेळ. गडबड नावाचा उंच ग्लास याच भागातला; उडुपीच्या डायना हॉटेलला त्याचं श्रेय देतात. दोन-तीन चवींचे गोळे, जेली, फळांचे तुकडे, काजू-मनुका, असे थर. वरून खाली नव्हे, लांब चमचा तळापर्यंत घालून खायचं. मंगळुरात १९७५ पासूनचं आयडियल आहे. चारनंतर पुन्हा कढई चढते आणि गोळी बजे येतात: आंबट दह्यात भिजवून दोन-तीन तास ठेवलेला मैदा, त्यात आलं, मिरची, कढीलिंब आणि खोबऱ्याचे काप, ओल्या बोटांनी तेलात सोडलेले गोळे. ते कढईतून थेट ताटलीत यायला हवेत. पंधरा मिनिटांनी रबर होतात. काचेच्या कपाटात रचून ठेवलेले दिसले तर थांबून पुढच्या घाण्याचे मागा. सोबत पुनर्पुळीचं सरबत, म्हणजे आपलं कोकमच.

कोकमाचा धागा पुढे केरळातही सुटत नाही. तिथल्या लाल मीनकरीत पडणारी काळी, धुरकट वासाची कुडंपुळी ही कोकमाच्याच कुळातली. कोकणी जिभेला ती करी पहिल्या घासापासून ओळखीची वाटते ती म्हणून.

केरळात दुपारचं जेवण म्हणजे ऊण. घराच्या कुंपणावर 'ऊण रेडी' अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली की आत जावं. बहुतेक वेळा ते घरचंच स्वयंपाकघर असतं, चार-पाच टेबलं, साडेबारा ते अडीच. भात, दोन-तीन भाज्या, पापड, लोणचं, मोर म्हणजे ताक, आणि माशाच्या करीचा रस्सा जेवणाच्या किमतीतच. तळलेला मासा वेगळा. शाकाहारी असाल तर पान मांडताच "मीन वेंडा" म्हणा, मासा नको. उशिरा म्हणालात तर रस्सा भातावर पडलेला असतो. खोबरेल तेलाच्या वासाची सवय नसेल तर पहिल्या दिवशी तळलेलं कमी घ्या, दुसऱ्या दिवशी वास जाणवत नाही.

टेबलावर गुलाबीसर कोमट पाणी येतं. ते पतिमुखम नावाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं असतं. कधी जिऱ्याचं पिवळट असतं. हे पाणी प्यावं, पण आधी पेल्याला हात लावून पाहावं. वाफाळतं किंवा चांगलं गरम असेल तर निर्धास्त. थंड आणि फिकट असेल तर उकळलेल्यात नळाचं पाणी मिसळलेलं असू शकतं, आणि कावीळ अशाच पाण्यातून येते. शंका आली की सीलबंद बाटली.

कोळिकोडात बिर्याणीलाही वेळ आहे. दमाचं भांडं बाराच्या सुमाराला उघडतं. तांदूळ बासमती नसतो, बारीक आखूड दाण्याचा कैमा असतो, आणि तो तळाशी तूप धरतो. म्हणून पहिल्या तासात वरचे मोकळे थर मिळतात, अडीचनंतर तळाचा गोळा. पॅरागॉन १९३९ पासूनचं, तिथे रांग असतेच. मुस्लिम मालकांची बरीच हॉटेलं शुक्रवारी दुपारच्या नमाजाला तास-दीड तास बंद असतात, आणि रमजानमध्ये दिवसा शांत. त्याच महिन्यात संध्याकाळी मात्र तिथे जावंच: उन्नक्काय (उकडलेल्या केळ्याच्या आवरणात खोबरं-साखर), तळलेले भरले शिनाणे म्हणजे शिंपले, आणि लिंबू पिळलेला बिनदुधाचा सुलेमानी चहा.

वेळ चुकलेल्याला केरळात एक हक्काचा आसरा आहे, इंडियन कॉफी हाउस. कॉफी बोर्डाने कामावरून काढलेल्या कामगारांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी संघटित केलं आणि १९५८ मध्ये त्रिशूरला केरळातलं पहिलं सहकारी कॉफी हाउस निघालं. वाढपी पांढऱ्या फेट्यात, आणि मसाला डोशात बीट. लाल रंग पाहून चमकू नका. तिरुवनंतपुरमच्या तंपानूरचं चक्राकार चढत जाणारं कॉफी हाउस वास्तुकार लॉरी बेकर यांनी बांधलं. थेट बसस्टँडजवळ आहे.

प्यायचं म्हटलं तर आधी कायदा. गोव्यातून कारवारकडे जाताना माजाळीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. परवान्याशिवाय बाटल्या नेऊ नका. कर्नाटकात 'बार अँड रेस्टॉरंट' अशी पाटी असलेल्या जागी मासे आणि सुक्का बऱ्याचदा उत्तम मिळतात, आणि कुटुंबासाठी वेगळी खोली असते, विचारावं लागतं. केरळात किरकोळ विक्री मुख्यतः बेव्को या सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते, वयाची अट २३ वर्षं, आणि दर महिन्याच्या १ तारखेला बंद. पगाराच्या दिवशी पैसा दारूत जाऊ नये, हा त्यामागचा विचार. मधेच लागणारं माहे पुदुच्चेरीचं असल्याने तिथे दारू स्वस्त असते, पण तिथली खरेदी केरळात न्यायचा मोह टाळा.

या सगळ्याहून वेगळी गोष्ट कळ्ळु शाप्पची, म्हणजे माडीच्या दुकानाची. चढणारा माणूस माडाचा न उमललेला पोयटा बांधून, ठोकून, रोज सकाळ-संध्याकाळ त्याचं टोक पातळ कापतो आणि खाली मडकं लावतो. झाडावरच मडक्यात आंबायला सुरुवात होते. सकाळी नऊ-दहाला मिळते ती गोड, पांढरी, किंचित फेसाळ. दुपारी आंबट. संध्याकाळी चांगलीच चढणारी. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. पहिल्यांदा पिणाऱ्याने सकाळचीच घ्यावी, एक बाटली दोघांत, उन्हात हिंडायचं नसेल तेव्हा. साखरेच्या पाकासारखी एकसुरी गोड लागली तर तिच्यात भेसळ आहे असं समजून ठेवून द्या. खरीच्या गोडीमागे आंबूस वास असतोच. पुष्कळजण शाप्पमध्ये पिण्यासाठी जातच नाहीत, जेवायला जातात. कोचीजवळ उदयंपेरूरचं मुल्लपंदळ त्यासाठी नावाजलेलं आहे. कप्पा, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तोच, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देतात, कारण कंदातलं विषारी द्रव्य त्या पाण्यात उतरतं. मग खोबरं-हळद घालून ठेचतात. वर कुडंपुळीची लाल करी. ही करी आदल्या दिवशीची असेल तर जास्त चांगली. साऱ्या किनाऱ्यावर शिळं मुद्दाम मागावं असा हा एकच पदार्थ. करिमीन, केरळचा राज्यमासा, केळीच्या पानात भाजून येतो. पान आधी न उघडता मिनिटभर राहू द्या, वाफेने मसाला काट्यापर्यंत जातो.

फोर्ट कोचीला चिनी जाळ्यांपाशी मासे विकत घेऊन शेजारच्या टपरीत शिजवून मिळतात. वजन समोर करून घ्या, आणि शिजवण्याचे पैसे वेगळे असतात ते आधी ठरवा. जाळी सकाळी भरतात, त्यामुळे संध्याकाळी तिथे मांडलेलं सगळं त्याच जाळ्यातलं असतं असं मानू नका.

रात्री सातनंतर रस्त्याच्या कडेला तट्टुकडा लागतात. चार चाकांची गाडी, एक मोठा तवा, एक बल्ब. तळहाताएवढे, जाडसर मऊ डोसे तीन-चार एकदम येतात, पातळ चटणी वरून ओतलेली, शेजारी ऑम्लेट. दहानंतर पीठ संपतं आणि पोरोटा उरतो. शेवटी कट्टन मागा, बिनदुधाचा चहा, साखर कमी हवी असेल तर ओतण्याआधी सांगा. ती पेल्यात आधीच घातलेली असते.